झोलाईच्या डोहाची राखण

मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्री नदीत, झोलाई देवीच्या डोहात राहणारी एक जुनी सुसर आहे. किती जुनी, ते विचारू नका. बाईमाणसाला वय विचारू नये, आणि तिला एवढे दात असताना तर मुळीच विचारू नये.

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसले तरी माझ्यावरची म्हण तुम्हाला पाठ असते. 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ.' अडला की माणूस असे गोड बोलतो. या पाठीवरून एकदा अख्खे वऱ्हाड नदी उतरून गेले आहे. पुराने उतार बुडाला होता आणि मी आडवी पडले होते. त्यांना वाटले, मोठा ओंडका आहे. नवरदेव गेला, करवल्या गेल्या, वाजंत्री वाजवत गेले, शेवटी रुखवताची बैलगाडी गेली. तिच्या चाकाची खूण अजून आहे. खोटे वाटत असेल तर जवळ येऊन बघा. त्या वऱ्हाडातल्या एकालाही पाठ मऊ लागली नाही. करवल्या तर 'काय मेला खडबडीत ओंडका' म्हणत गेल्या.

माणसाच्या अकलेविषयी माझे मत तेव्हापासून जरा खाली आले. पुढे ते आणखी खाली गेले. एका वर्षी महाडहून बगळा बातमी घेऊन आला. म्हणाला, 'तिथे गावातल्या तळ्यावर गुरे पाणी पितात, कुत्री पितात, त्याचे कोणाला काही नाही. पण काही माणसे ओंजळभर पाणी प्यायली, म्हणून बाकीच्यांनी त्यांची डोकी फोडली. आणि मग पाणी शुद्ध करायला त्यात शेण नि गोमूत्र ओतले.' मला वाटले, बगळा थापा मारतो. थापा मारणे हे या नदीत माझे काम आहे. पण बातमी खरी निघाली. पाणी राखायला निघालेला माणूस दिसला की तेव्हापासून मी आधी डोळे बारीक करते.

माझ्या डोहाचा नेम मात्र बरा होता. डोहात हातभर लांबीचे, जाड खवल्यांचे मासे होते. ते देवीचे, म्हणून कोणी धरायचे नाहीत. उन्हाळ्यात पाणी आटले की दर घरचा एक माणूस पाळीने काठच्या कातळावर राखणीला बसे. बसे म्हणजे काय, चिलीम ओढी आणि घोरे. समोरच्या वाळूवर मी पडलेली असे. पलीकडच्या खोऱ्यातून कोणी जाळे घेऊन आला की त्याला आधी घोरणारा दिसे, मग मी दिसे, आणि तो आल्या पावली परत जाई. संध्याकाळी गाव म्हणे, 'देवीनं राखलं.' मी काही बोलत नसे. म्हातारे, आजारी मासे मी खात असे. कधी एखादा तरणाताठाही तोंडात येई. तोंड मोठे असले की निवड चुकते.

अशी कैक वर्षे गेली. मग गावाला मासे राखण्याची हुक्की आली.

त्या शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी आले होते. त्यांत दत्ताराम होता. गिरणीत कामाला होता आणि चाळीचाळीतली मंडळे पाहून आला होता. पालखी देवळात गेली तसे त्याने सगळ्या गावाला डोहाच्या काठावर बसवले.

"आपल्या डोहाचं नाव मुंबईपर्यंत गेलं पायजे," तो म्हणाला. "आजपासून श्री झोलाई मत्स्यरक्षक मंडळ. मी प्रेशिडेंट. तुम्ही समदे मेंबर."

"मेंबर होऊन करायचं काय?" येसाजीने विचारले. येसाजी गावचा शेतकरी. त्या दिवशीची राखण त्याची होती, आणि सभेसाठी तो कातळावरून डोळे चोळत उठून आला होता.

"बिल्ला लावायचा."

"बरं. आनि?"

"दर सोमवारी घंटा वाजवून माशांना कुरमुरे घालायचे. लांबलांबची माणसं बघायला येतील."

"आनि राखण?"

"राखण आता मंडळ करील."

"म्हंजे मी उद्या कातळावर नाय आलो तरी चालंल?"

"तू मेंबर हायस ना? मग झालं तर."

येसाजीच्या तोंडावर असे समाधान पसरले की विचारू नका. ते त्याच्या शेजाऱ्याच्या तोंडावर गेले, तिथून पुढच्याच्या, आणि बघता बघता सगळा गाव मेंबर झाला. मित्रांनो, काम टाळायचे असले की माणूस स्वतःला आळशी म्हणवून घेत नाही. तो मंडळ काढतो.

तेवढ्यात ठमाबाई उठली. डोहाच्या वरच तिचे घर, आणि तिची जीभ माझ्या शेपटीइतकी लांब.

"मंडळ काढा रे बाबांनो, पण त्या भवानीचं काय?" तिने माझ्याकडे बोट केले. "तुम्ही मासे पोसायचे नि तिनं गिळायचे. कुरमुरे तिलाच घाला ना सरळ, मधी मासा कशाला?"

"पॉइंट हाय," दत्ताराम म्हणाला. "पहिला ठराव, सुसरीला हुसकायची."

"ढोल हायतच शिमग्याचे," येसाजी म्हणाला.

ढोलांचे मला काही नव्हते. पण त्याच आठवड्यात मी वाळूत खड्डा करून अंडी पुरली होती. आमच्या अंड्यांना ऊन उबवते. दोनेक महिन्यांनी पिल्ले आतून हाका मारतात आणि आईने वाळू उकरून त्यांना बाहेर काढायचे असते. आई आली नाही तर ती आतच गुदमरतात. म्हणून मी हलणार नव्हते.

त्यांनी ढोल बडवले. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी बांबूंनी ढोसले. मी एक-दोन बांबू चघळून परत दिले. पेटता पेंढा टाकला, तोही शेपटीने त्यांच्याकडेच उडवला आणि प्रेशिडेंटांच्या धोतराला भोक पाडले. शेवटी कोणी खोताकडची ठासणीची बंदूक आणली. मग मात्र मी निघाले. भिऊन नाही. मेलेली आई उकरायला येत नाही, एवढेच.

खालच्या वळणावर एक डबके होते. माझे पोट बुडाले की पाठ कोरडी राही. तिथून मी वरची वाळू बघत दिवस काढू लागले. दोनदा वर गेले, दोन्ही वेळा काठावर बघ्यांची गर्दी होती आणि गर्दीत बंदूक होती.

दत्ताराम रजा संपली तसा मुंबईला निघून गेला. दर सोमवारी मेंबर घंटा वाजवत आणि कुरमुरे घालत. आधी मासे लाजले. मग लठ्ठ झाले. मग घंटा वाजली की सगळा डोह तोंडे वर करून काठाशी येऊ लागला. पोलादपूरहून माणसे बैलगाड्या जोडून बघायला येत आणि 'केवढं पुण्याचं काम' म्हणत. राखणीच्या कातळावर आता कोणी बसत नव्हते. कातळावर शेवाळ वाळले होते. बिल्ले मात्र घराघरांत होते.

त्या बघ्यांत एकदा रावजी आला. रस्त्याच्या कामावर सुरुंग लावणाऱ्या टोळीचा हा मुकादम. त्यानेही भक्तिभावाने कुरमुरे टाकले. परतताना माझ्या डबक्यावरूनच तो गेला, आणि आपल्या माणसाला म्हणाला, "पाण्यात शिरायलाबी नको रे. घंटा वाजवली का आपणच येतात."

हे ऐकणारी मी एकटी. आणि माझे ऐकणार कोण?

वैशाख सरत आला. पिल्ले फुटायचे दिवस अगदी तोंडावर आले. एका गुरुवारी, भर दुपारी, वर घंटा वाजली. मी मान उचलली. वरचे मला मागाहून कळले. दत्ताराम पुन्हा रजेवर गावी आला होता, तो घरात जेवत होता. येसाजी गोठ्यात होता. ठमाबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. घंटा तिघांनीही ऐकली आणि तिघेही आपापले काम करत राहिले.

मग असा आवाज झाला की दोन्ही डोंगरांनी तो एकमेकांना परत केला. थोड्या वेळाने मासे माझ्या डबक्यात येऊ लागले. पोट वर, डोळे उघडे, तोंडात अजून कुरमुरे. रावजीच्या माणसांनी मोठे मोठे टोपल्यांत भरून नेले होते. राहिलेले नदीने मला आणून दिले. मी एक खाल्ला. रडत रडत खाल्ला म्हणणार होते, पण तुम्ही लगेच हसाल.

माझा जीव वाळूत अडकला होता. बंदुकीचा विचार मी केला नाही. गोट्यांवरून सरपटत, उन्हात, सगळ्यांदेखत वर निघाले.

काठावर मंडळाची सभा भरली होती.

"या प्रकाराचा मंडळ तीव्र निषेध करतंय," दत्ताराम म्हणत होता.

"घंटा म्या बी आयकली," येसाजी म्हणाला. "वाटलं, तू असशील."

"मला वाटलं तू."

"नि मला वाटलं तुम्ही दोघं," ठमाबाई म्हणाली. "कातळावर एक घोरणारा जरी असता ना, तरी 'कोण रे तू' म्हणून इचारलं असतं त्यानं. बिल्ल्याला तोंड हाय काय?"

मी सभेच्या मधून गेले. दुसरी वाट नव्हती. प्रेशिडेंट जांभळीवर चढले. बाकीचे मेंबर कुठे गेले ते बघायला मला सवड नव्हती.

सुरुंगाने काठ ढासळला होता. माझ्या खड्ड्यावर दगड येऊन पडले होते. मी कान लावला. काहीच नाही. दगड नाकाने लोटले, पुन्हा कान लावला. खोलवरून बारीक हाक आली. मग दुसरी. मी नखांनी वाळू उपसू लागले. पिल्ले वर आली तशी एकेक करून जबड्यात घेतली.

"स्वताची पोरं खातेय," दत्ताराम झाडावरून म्हणाला. "ही कसली आई?"

मी पाण्यात गेले आणि तोंड उघडले. पिल्ले दातांमधून बाहेर आली आणि पोहू लागली. मी पुन्हा वाळूकडे वळले.

"खात नाय," येसाजी हळू म्हणाला. तो पळाला नव्हता. पाय उचलले नसतील बहुधा. "पाण्यात नेऊन सोडतेय ती."

"गो बाय," ठमाबाई म्हणाली.

निम्मी अंडी गप्पच राहिली. ती मी उकरली, हुंगली, आणि वाळू पुन्हा लोटून दिली. या गोष्टीत मी बरीच मीठ-मिरची लावली आहे. इथे लावलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसाजी येऊन कातळावर बसला. बिल्ला नव्हता. दुपारी घोरलाही. मला तो आवाज इतका गोड लागेल असे कधी वाटले नव्हते. त्याच्यानंतर शेजारचा आला, मग पुढचा. एकदा ठमाबाई निवडायचे तांदूळ सुपात घेऊनच आली. मुंबईला परत जायच्या आधी दत्तारामने सुचवले की मंडळाचे नाव बदलून सुसररक्षक मंडळ करावे आणि मलाच कुरमुरे घालावेत. मी जांभई दिली. सूचना मागे घेतली गेली. पुढच्या उन्हाळ्यात रावजी पुन्हा आला होता. पुराबरोबर नवे मासे चढले होते, त्यांचा वास त्याला लागला असावा. कातळावरून येसाजीने एवढेच विचारले, "कुठनं आलास रे पावण्या?" रावजी पाणी पिऊन निघून गेला.

मित्रांनो, तुमच्याही गावात नदी, तळे, देवराई राखणारे मंडळ असेल. जरूर जा त्यात. पण बिल्ला मागण्याआधी विचारा, उन्हात बसायची पाळी कोणाची आहे, आणि त्यात माझी कधी येईल? उत्तर मिळाले तर ते मंडळ खरे. उत्तर मिळाले नाही तर तुम्हीच जाऊन बसा. एकट्याने बसले तरी चालते, झोप लागली तरी चालते. न बसणे मात्र चालत नाही.

झोलाईच्या डोहावर आलात तर खायला काही आणू नका. येसाजीशेजारी जागा आहे, तिथे बसा. वाळूकडे फिरकू नका. पिल्ले अजून लहान आहेत, आणि त्यांची आई माणसांविषयी फार चांगले बोलत नाही.