बसलेल्यांची मोजणी

नगरपालिकेच्या सभागृहातल्या साठ खुर्च्या ती रोज पुसायची, पण बारा वर्षांत एकीवरही कधी टेकली नव्हती. सगळे तिला मावशी म्हणत, अगदी तिच्याहून वयाने मोठे कारकूनसुद्धा.

त्या मंगळवारी अकरा वाजता तिथे सुनावणी होती. खालच्या वस्तीतून सकाळी सुटणारी बस बंद करायची की नाही, याची. मावशीची लेक त्याच बसने नर्सिंगच्या वर्गाला जायची. बस गेली तर रोजची रिक्षा परवडणारी नव्हती. पोरीला शिक्षण गुंडाळून घरी बसावं लागलं असतं.

वरच्या रस्त्यावरच्या बंगलेवाल्यांना मात्र बस नकोच होती. थांब्यामुळे गाड्या लावायला जागा उरत नाही, ही त्यांची तक्रार. ते सतराजण पुढे ऐसपैस बसले. वस्तीतले तेहेतीसजण अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून आले होते. कुणाच्या कपड्यांना सिमेंट, कुणाच्या रंग. दारातच मावशीने त्यांना सवयीने दटावलं, "खुर्च्या आत्ताच पुसल्यात हं, डाग पाडू नका!" दोन म्हातारे तेवढे गुडघे धरत खुर्च्यांवर बसले. बाकीचे भिंतीला लागून उभे राहिले.

कारकुनाने वाचून दाखवलं, "बस बंद करा म्हणणारे सतरा. चालू ठेवा म्हणणारे दोन."

मावशीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "अहो, आणि हे सगळे?"

"मला वाटलं, रंगकामाला आलेत. बसलेल्यांचीच मोजणी होते, मावशी."

"झालं!" भिंतीला टेकलेला एक गवंडी म्हणाला. "खुर्च्या चकचकीत राहिल्या, आता चालत जाऊ सगळे."

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. आपल्याच तोंडाने आपण पोरीची वाट अडवली की! ती ओल्या हातांनीच पुढे गेली आणि पहिल्या रांगेत बसली. शेजारचे गृहस्थ अंग चोरून सरकले.

"बसा रे सगळे! डागांचं मी बघते."

"मावशी, तुम्ही ड्युटीवर आहात," कारकून कुजबुजला.

"ड्युटी संपल्यावर वस्तीतच जाते ना मी? मोजा मला."

खुर्च्या करकरल्या. पुन्हा मोजणी झाली. सतरा आणि चौतीस.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "विषय नाजूक आहे. निर्णय पुढच्या मंगळवारी. अकरा वाजता."

चौतीसजण एकमेकांकडे बघू लागले. पुन्हा अर्धा दिवस? निम्मेही येणार नाहीत, हे अध्यक्षांना ठाऊक होतं आणि मावशीलाही.

"साहेब, संध्याकाळी सातला ठेवा."

"ऑफिस पाचला बंद होतं, बाई."

"होतं की. पण बंद करणारी मीच. चावी माझ्याकडेच असते. मी थांबते."

मागून कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने वहीकडे.

"बरं, सात लिहा."

कारकुनाने अकरा खोडलं. मावशीने वाकून तो सातचा आकडा नीट पाहून घेतला, आणि मगच उठली.