आठ विटा

दुकानात पाऊल टाकताच मास्तरांना दिसलं, कापायचं टेबल खाली उतरलंय. चार पायांखालच्या दोन-दोन, अशा आठही विटा कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. मास्तरांचा थोरला भाऊ, दादा, मशीनला तेल घालत होता आणि मान वर करत नव्हता. दाराशी स्टुलावर वहिनी काजं करत बसली होती. तिच्या मांडीवर मापांची वही होती, आणि वहीतून एक कागद डोकावत होता.

मास्तरांनी तो लांबूनच ओळखला.

दोन वर्षांपूर्वी याच टेबलाखालून कापडाचा ताका उचलताना त्यांच्या कमरेत कट्कन वाजलं होतं. महिनाभर अंथरूण धरलं. पुढे फोटो काढले, डॉक्टर म्हणाले, भरून आलंय. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं नि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. मास्तरांच्या मुंगीला रस्ताच सापडेना. तो आवाज पुन्हा होईल या धास्तीने ते वाकेनासे झाले. खडू पडला तर चिमट्याने उचलायचे. टेबल विटांवर चढवलं, तेव्हापासून ताठ उभं राहून एकेक थर कापायचे. अनेक थर एकदम कापायचं ढिगाचं काम वाकून जोर दिल्याशिवाय होत नाही; ते दादा बाहेरून कापून आणी, आणि घरी ताटावर बसला की त्यावरून टोचून बोले.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी वर्षापूर्वीच लिहून दिलं होतं, टेबल एकेका विटेने खाली आणा. मास्तरांनी घरी सांगितलं, वाकायला सक्त मनाई आहे. कागद फाडायचा मात्र धीर झाला नाही, तो मापांच्या वहीत दडवला.

वहिनीने तो आता मोठ्याने वाचला. शेवटची ओळ दोनदा वाचली.

“‘दुखेल, पण मोडणार नाही.’ आम्हाला तर वेगळंच सांगितलं होतंत, भावजी.”

“बाईंचं अक्षर लागलं नसेल त्याला,” दादा म्हणाला.

मग त्याने एका दमात सांगून टाकलं. कारखान्याच्या पँटी आजच कापायच्या, आठ थर एकदम, याच टेबलावर. जमत नसेल तर उद्यापासून मास्तरांनी घरी बसावं. दुसरा कापणारा त्याने बघून ठेवला होता.

मास्तर उभेच राहिले. न वाकावं तर जागा जाते. वाकावं तर हे दोघं म्हणणार, बघा, काही झालंच नव्हतं. दुखणं काही खिशातून काढून दाखवता येत नाही.

दादाने कापड अंथरलं, वर कागदी नमुना ठेवला आणि मास्तरांची कात्री उचलली. त्याचा हात मशीनवरचा. नमुना कापडाच्या उभ्या धाग्याला तिरका बसला होता. मुद्दाम की अडाणीपणाने, कळेना. तशा पँटी चार धुण्यांत पायाभोवती पिळवटून येतात, आणि नाव मास्तरांचं जातं. कात्रीने कापडात तोंड घातलं.

“थांब,” मास्तर म्हणाले.

त्यांनी कात्री काढून घेतली, श्वास रोखला आणि वाकले. कान कमरेशी लागले होते. कळ आली, पाठीतून थेट मांडीपर्यंत. कपाळावर घाम फुटला. आवाज मात्र झाला नाही. आणखी वाकून त्यांनी नमुन्याचं पलीकडचं टोक धरलं आणि धाग्याशी सरळ केलं.

वहिनीची सुई थांबली होती.

“म्हणजे दोन वर्षं सोंगच होतं,” दादा म्हणाला.

दुखतंय, हे सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं.

“सरक, दादा. सावली पडतेय.”

दादा जागचा हलला नाही. मास्तरांनी कात्री उघडली आणि त्याच्या सावलीतच कापायला घेतलं.