उत्तरेची भिंत

इमारतीला उत्तरेची भिंत एकच होती आणि ती दोघांना हवी होती: धान्याला आणि आईला.

मुलीने ती धान्याला दिली. ती इमारतींचे आराखडे काढायची. वस्तीच्या नव्या सभागृहाचं काम तिच्याकडे होतं. दोन वर्षांपूर्वी पूल वाहून गेला आणि वस्ती नऊ दिवस तुटली. पाचव्या दिवशीच दुकानं रिकामी झाली. तेव्हा ठरलं, की नव्या इमारतीत एकवीस दिवसांचं धान्य कायम असेल आणि तरी ती रोज वापरात राहील. पाळणाघर, सभा, वाचनाची खोली आणि आईचा शिवणवर्ग, सगळं तिथेच. पाळणाघराचं स्वयंपाकघर त्याच धान्यातून चालेल, म्हणजे जुनं संपत जाईल आणि नवं येत राहील. धान्याला थंडावा हवा. उत्तरेला ऊन येत नाही. म्हणून कोठार उत्तरेला आणि शिवणवर्ग पश्चिमेला.

आईने आराखड्याचा कागद जेवणाच्या टेबलावर पाहिला. अगदी नाकाशी नेऊन.

"आम्हाला दुपारचं ऊन दिलंस की गं!"

"पडदे लावू, आई."

"पडदे लाव, मग दिवे लाव. काळ्या कापडावरचा काळा टाका दिव्यात दिसतो का, तुझ्या त्या कॉम्प्युटरला विचार."

"धान्य खराब झालं तर लोकांनी खायचं काय?"

"मी कुठे म्हणते धान्य फेकून दे? राहू दे तुझं कोठार तिथेच. आम्ही बायका काय, कुठेही बसू."

आई असं म्हणाली की पुढचे दोन दिवस घरात भांडी आपटायची. या वेळी भांडी गप्प होती. मुलीला तेच खटकलं.

दुसऱ्या दिवशी मापं घ्यायच्या निमित्ताने ती आईच्या सध्याच्या वर्गावर गेली. लाँड्रीच्या वरची भाड्याची खोली, नऊ बायका, सहा मशीन आणि उत्तरेला एक मोठी खिडकी. आईची खुर्ची खिडकीला इतकी चिकटलेली, की पाठ गजांना टेकत होती. वर्गातली सगळ्यात उंच बाई, जिला सगळ्या शिडी म्हणत, ती आली. न बोलता तिने सहा सुया ओवून आईच्या पिनकुशनमध्ये खोचल्या आणि आपल्या मशीनवर जाऊन बसली. आईने मान वर केली नाही.

मुलीने तिला जिन्यात गाठलं.

"रोज ओवून देतेस?"

"ताई, मला विचारू नका. बाईंनी दम दिलाय, घरी बोललीस तर महिनाभर नुसती काजं करायला बसवीन."

"मग काजं कर. पण सांग."

शिडी हसली, मग हसू पुसलं. "त्या खिडकीशी त्यांना अजून दिसतं. दुसरीकडे नाही. खिडकी गेली की वर्ग गेला, असं समजा."

मुलगी परत वर आली. बायका उभ्याने कापड कापत होत्या. कात्री चालत होती ती टेबलावर, कमरेच्या उंचीला. टेबलाखाली मात्र अंधार होता आणि चिंध्यांची दोन पोती. ती वाकून आत पाहत राहिली. आईला उजेड कमरेच्या वर हवा होता. धान्याला अंधार चालणार होता, आणि तो कमरेखाली होता. तिने टेप काढली. टेबल चौतीस इंच.

चार दिवसांनी ती नवा आराखडा घेऊन कोठारकाकांकडे गेली. सरकारी गोदामात चाळीस वर्षं काढलेला माणूस. धान्याबाबत वस्ती त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे. आता शिवणवर्गही उत्तरेलाच होता: खिडक्यांखाली पत्र्याच्या आठ बंद कोठ्या, त्यांच्यावर कापायचं सलग लाकडी टेबल. भरताना फळ्या उचलायच्या, काढताना पुढची खालची झडप उघडायची.

"कापडाखाली धान्य?" काका म्हणाले. "काय, तांदळाला झबली शिवायची आहेत?"

"भिंतीपासून वीतभर लांब ठेवलंय, काका. जमिनीपासून वीतभर वर."

"ते बरं केलंस. आणि लक्ष कोण ठेवणार?"

"चला, दाखवते."

काका लाँड्रीचा जिना धापा टाकत चढले आणि त्यांनी सरळ आईलाच विचारलं, "बाई, कोठीतून किडा बाहेर आला तर कळेल का तुम्हाला?"

"जमिनीवर पडलेली टाचणी आम्ही रोज संध्याकाळी वेचतो. पाय फुटलेली गोष्ट आम्हाला दिसणार नाही?"

आई 'आम्ही' म्हणाली. शिडीने शिवणीत डोकं घातलं.

काकांनी वाकून कापायच्या टेबलाखाली पाहिलं. "माझं गोदाम बंद असायचं," ते म्हणाले. "आत काय झालंय ते उघडल्यावर कळायचं. उशिरा. तुझ्या कोठ्यांपाशी निदान माणसं बसतील." मग त्यांनी अटी घातल्या. या आठ कोठ्यांत सोळा दिवसांचंच धान्य मावतं. उरलेलं पाच दिवसांचं आतल्या बिनखिडकीच्या खोलीत जाईल. आणि दर दोन महिन्यांनी कोठ्या झाडायच्या, तेव्हा वर्ग दोन दिवस बंद.

"एक दिवस," आई म्हणाली.

"दोन."

"बरं, दोन. पण झाडू तुमचा."

सुताराने एका कोठीचा नमुना प्लायवूडचा करून आणला. आईने त्यावर कापड पसरून कात्री चालवली. चौतीस इंच तिला अगदी बरोबर होतं. मग तिने शिडीला हाक मारली. शिडी कापायला लागली तशी तिची पाठ कमानीसारखी वाकली.

"हिच्या मापाचं कर," आई म्हणाली.

"अगं, कापणार तू आहेस."

"किती दिवस? खिडकी मला दिसतंय तोवर पुरेल. टेबल पुढे हिला पुरायला हवं."

शिडी कापड घडी करायला जरा लांब गेली.

"कधीपासून दिसत नाहीये?" मुलीने विचारलं.

"झालं दीड वर्ष."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर भिंत सरळ मला दिली असतीस. मग पुन्हा पूल गेल्यावर लोकांना मी काय तोंड दाखवलं असतं?"

मुलीने आईच्या खांद्यावरचा दोऱ्याचा तुकडा उचलला आणि मुठीत धरून ठेवला. मग आराखड्यावर चौतीस खोडून सदतीस लिहिलं. टेबलापुढे, एका खिडकीसमोर, जमिनीवर तीन इंच उंचीची एक रुंद फळी आखली. एका माणसाला ऐसपैस उभं राहता येईल एवढी.

सुताराने कागद निरखला. "ही सुटी ठेवू की पक्की ठोकू?"

"पक्की," ती म्हणाली.