मागचं डावं चाक

माझ्या सासऱ्यांची जुनी लाल स्पोर्ट्स कार दोनच माणसांची आहे, आणि तिच्यासाठी राबायलाही दोन माणसं लागतात. एक ते स्वतः. दुसरी मी, कारण त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पहिल्याच वर्षी हात झटकले.

दर शनिवारी दुपार कलली की आमचा कार्यक्रम सुरू होतो. तापलेल्या पत्र्याला हात लावायचा नाही. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचं, पुढे बटणं असलेला शर्ट घालायचा नाही. आधी चाकं, मग बाकीची गाडी. चाकांचं फडकं चुकूनही रंगाला लागू द्यायचं नाही. साबणाची बादली वेगळी, फडकं खळबळायची वेगळी. धुऊन झालं की बाबा हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवतात आणि बॉनेटवरून बोटं फिरवतात. पिशवीतून बारीकशी कचकचसुद्धा कळते म्हणे. मग पॉलिश. रंग जुना, त्यामुळे फडक्यावर थोडी लाली उतरतेच. पहिल्यांदा ती पाहून मला वाटलं, मी गाडीच खरवडली. मला या घरात एवढं कोणी जपलेलं नाही, पण ते असो.

खरी कटकट चाकांची. सायकलीसारखी तारांची चाकं. एकेक तार मी दात घासायच्या जुन्या ब्रशने घासते. मग बाबा चाक जॅकवर उचलतात, हाताने फिरवतात आणि बारक्या पान्याने प्रत्येक तारेवर टिचकी मारतात. घट्ट तार टिणकन वाजते. ढिली तार थप्प करते. एक ढिली झाली की शेजारणींवर भार येतो, त्या तुटायला लागतात, आणि एखाद्या वळणावर चाकच दगा देतं. हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. हे चालू असताना मी त्यांच्या समोर बसून बॅटरीचा उजेड धरायचा, असा त्यांचा नियम.

बाबांना ऐकू कमी येतं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांना सोडून. त्यांच्या मते आम्हीच तोंडातल्या तोंडात बोलतो. माझ्या नवऱ्याने तर एकदा स्पष्टच सांगितलं होतं, "ज्या दिवशी तारांचा आवाज कळेनासा होईल, त्या दिवशी गाडी विकायची." बाबा म्हणाले होते, "तसं झालं तर मीच विकीन." पण तारा त्यांना कळत होत्या. एकही सुटत नव्हती. कान माणसांपुरते गेलेत, गाडीसाठी शाबूत आहेत, असं आम्ही हसून म्हणायचो.

त्या शनिवारी घाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, घेऊन घाटापलीकडे, आईंच्या बहिणीकडे जाणार होते. आई कधी नव्हे त्या या गाडीत बसायला तयार झाल्या होत्या. गडबडीत माझ्या हातून पॉलिशचं फडकं जमिनीवर पडलं. मी ते उचलून झटकलं, तर बाबा खेकसले.

"टाक ते! एखादा कण अडकला असेल तर रंगावर रेघोट्या उठतील. किती वेळा सांगायचं?"

"पडलं हातून. मुद्दाम नाही पाडलं."

"काय?"

"काही नाही!"

माझा राग लपत नाही. मी बॅटरी चाकावर धरली आणि गाल फुगवून, मान फिरवून भिंतीकडे बघत बसले. बाबा तारा वाजवत होते. टिण, टिण, टिण. थप्प. पुन्हा थप्प. एकीला लागून एक अशा चार तारा मेल्यासारख्या वाजल्या. आता थांबतील, मग थांबतील, म्हणून मी वाट पाहिली. चाकाचा फेरा पुरा झाला आणि बाबा म्हणाले, "मागचं डावं एकदम छान आहे."

मी वळून पाहिलं तर त्यांची नजर चाकावर नव्हतीच. ते माझ्याकडे बघत होते.

जॅक घेऊन ते उजवीकडे गेले. मी त्यांच्या समोर बसले, या खेपेला सरळ तोंड करून. एक तार खणखणीत वाजली आणि मी मुद्दाम कपाळाला आठी घातली.

"ही ढिली झालीय जरा," बाबा म्हणाले आणि त्यांनी ती आवळायला घेतली. पुढच्या तारेलाही मी तोंड वाकडं केलं. तीही आवळली गेली.

म्हणजे इतके महिने चाकं मीच तपासत होते. माझ्या कपाळावर आठी दिसली की बाबा थांबत, नाही दिसली की पुढे जात. मला चीड आली. सरळ विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का? आणि चिडीच्या मागोमाग भीती वाटली, कारण उद्या आई त्या गाडीत बसणार होत्या.

"बाबा," मी त्यांच्यापुढे तोंड नेऊन सावकाश म्हटलं, "या दोन्ही तारा चांगल्या होत्या."

त्यांचा हात थांबला.

"आणि मागच्या डाव्या चाकाच्या चार गेल्यात. तेव्हा मी भिंतीकडे बघत होते."

"शेजारी शेजारी?"

मी मान डोलावली.

ते उठून डाव्या चाकापाशी गेले. तारा इतक्या ढिल्या होत्या की चिमटीत धरल्या तरी हलत होत्या. पण एरवी ते हाताने कशाला बघतील? कान शाबूत असलेला माणूस हाताने बघत नाही. चौथी तार हलवून झाल्यावर ते तिथेच फरशीवर बसले.

"तिला घेऊन निघालो होतो मी," ते म्हणाले. "त्या वळणांवर."

मला त्यांची दया आली, आणि राग गेला असंही नाही. "मी कोणाला सांगणार नाही," मी म्हटलं. "तुम्हीच सांगायचं. आणि आत्ता."

त्यांनी तेलकट हात पुसले तेही पॉलिशच्या फडक्याला, जे एरवी त्यांनी माझ्या हातून खपवून घेतलं नसतं. मग ते स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग.

आई आमच्याकडे पाठ करून भांडी विसळत होत्या. नळ सुरू होता.

"उद्या जायचं नाही," बाबा त्या पाठीला म्हणाले. "चाक खराब आहे. मला ते कळलंच नाही. मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. आता तर जवळजवळ काहीच नाही."

आई वळल्या नाहीत. हातातलं ताट नळाखाली तसंच धरून हळूच म्हणाल्या, "मग रोज रात्री दिवा मालवल्यावर मी एवढं बोलत असते, ते कोणाशी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आई काय म्हणाल्या ते माझ्या तोंडावर शोधत राहिले, आणि मला चेहरा आवरता आला नाही.