हिकरीची फाक

एल्झीने हिकरीच्या चिवट लाकडाची, कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी फोडलेली फाक एका टोकाला सैल धरली, दुसरं टोक दगडावर आपटलं आणि बायकोकडे, ऑर्लीनाकडे पाहिलं. तिने मान डोलावली. फाक डावीकडच्या, चांगल्या फाकांच्या ढिगात गेली.

ही फाक डोंगरमाथ्यावरच्या जुन्या झाडाची होती. तीन वर्षांपूर्वी वादळाने ते आडवं केलं, तेव्हा एल्झी आणि त्याचा भाचा क्लीटस यांनी ते करवतीने न कापता पाचरी ठोकून फोडलं. लाकूड स्वतःच्या रेषेने फुटलं, तरच दांडा घाव सोसतो, असं एल्झी सांगे. गिऱ्हाइकांना बाहेरचं पांढरं लाकूड हवं असे. लाल गाभा तसूभरही कमी नाही, वजन करून बघा, म्हणून तो वाद घाली. आणि हसून त्यांना पांढराच दांडा देई.

त्यांचा मुलगा डेल्मर खाणीत छत कोसळून गेला, त्या हिवाळ्यात ऑर्लीना स्वयंपाकघराबाहेर पडली नाही. वसंतात एल्झी दोन फाका घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, कान गेले माझे, फाक चांगली, खणखणीत वाजते की बद्द, ते मला कळत नाही. तू ऐकून सांग. ती गेली. तेव्हापासून चार वर्षं ती शेंगा सोलत पालथ्या पिंपावर बसे, मान हलवी, आणि हळूहळू त्याच्या कानाशी ओरडून चार गोष्टीही बोले.

आज मात्र सर्दीने तिचेच कान बंद होते. सांगायची लाज वाटली. तिने सगळ्याच फाकांना होकार दिला.

दुपारी एल्झी टपाल आणायला खाली गेला आणि क्लीटस कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी आला. तयार दांडा शोधताना ऑर्लीना त्याला घेऊन मांस धुरवायच्या खोपटाशी गेली. जळणाच्या ढिगावर चार फाका होत्या. सकाळी तिनेच पास केलेल्या.

क्लीटसने एक दगडावर आपटली.

"तडकलेल्या मडक्यासारखी वाजतेय, मामी. बरं झालं मामाने काढून टाकली."

"पण त्याला ऐकू कुठे येतं?"

"त्याला कान कशाला लागतायत? मला लहानपणी डोळे मिटून धरायला लावायचा. चांगल्या फाकेची झिणझिणी तळहाताला कळते, म्हणायचा."

ऑर्लीनाने त्याला दांडा दिला, बायकोची चौकशी केली, वाटेला लावलं. मग ती पिंपावर बसून राहिली. रागवावं असं तिच्या मनात आलं. ती आठवू लागली, चार वर्षांत किती वेळा तिचं चुकलं असेल, आणि किती वेळा त्याने वाईट फाक काढून टाकायला ती आत जाईपर्यंत वाट पाहिली असेल.

एल्झी चढ चढून आला. टपाल बाजूला ठेवून त्याने नवी फाक उचलली, आपटली, तिच्याकडे पाहिलं.

ती उठली. त्याच्या मुठीमागे फाकेवर आपली मूठ ठेवली.

"आता परत," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

त्याचा हात क्षणभर थांबला. मग त्याने आपटली. तिच्या तळहातातून मनगटापर्यंत काहीतरी बारीक सळसळत गेलं.

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. ती फाकेकडे.

"डेल्मरला जमायचं हे?" तिने विचारलं. ते नाव चार वर्षांत दोघांपैकी कोणीच मोठ्याने घेतलं नव्हतं.

"छे," एल्झी म्हणाला. "त्याला धीर कुठला? आपटायच्या आधीच सांगून मोकळा व्हायचा."

ऑर्लीनाने पिंप ओढून त्याच्याजवळ घेतलं आणि बसली.

"आणि बरोबर असायचं?"

"निम्म्या वेळा," तो म्हणाला आणि सांगू लागला.