दोन अंकांचे ओझे

मित्रांनो, मी जन्मले तेव्हा माझ्यात एक शीर्षक, एक ओळ आणि एक नंबर होता. चित्र एकही नव्हते. आमचे वजन बाइटमध्ये मोजतात. एका अंकाला एक बाइट लागतो. पडद्याआडच्या मांडणीच्या सूचना धरून माझे सगळे मिळून नऊ हजार बाइट भरले. मी एक जुने पान आहे. झाडाचे नव्हे, वहीचेही नव्हे. फोनवर उघडते ते. दवाखान्यात आत्ता कितवा नंबर चालू आहे, एवढेच मी सांगत असे.

मला एका मुलीने घडवले, तिच्या आत्यासाठी. आत्याची कंबर धरलेली. दवाखान्याच्या बाकावर ताटकळणे तिला सोसत नसे. "तू घरीच पडून राहा," भाची म्हणाली, "नंबर जवळ आला की नीघ." आत्याच्या फोनची काच तडकलेली होती, तरी डोळ्याचे पाते लवायच्या आत मी तिथे हजर! "पिसासारखं हलकं आहे गं!" आत्या म्हणायची. ते शब्द मी जपून ठेवले आहेत.

पुढे भाचीला नोकरीच्या मुलाखतीत काहीतरी दिमाखदार दाखवायचे होते. तिने मलाच नटवले. माथ्यावर हसऱ्या कुटुंबाचा व्हिडिओ आला, खाली सरकती चित्रे आली, कोण काय पाहते याची टिपणे घेणारे दोन चोंबडे पाहुणेही आले. पूर्वी कोणी विचारले तरच मी नंबर सांगे. आता दर सेकंदाला दूरच्या सर्व्हरचे दार ठोठावू लागले. तिथे यंत्रे तापत, त्यांना गार ठेवायला पंखे फिरत, वीज जळत राही. इकडे आत्याचा हात फोनने भाजे.

एका सकाळी आत्याचा नंबर एकेचाळीस होता. मी अडतीस दाखवला आणि बॅटरी संपून फोन बंद पडला. चार्जरला लावून तो उठला तेव्हा चव्वेचाळीस चालू होता. त्या दिवशी आत्या सर्वांत शेवटी, त्याच बाकावर बसून राहिली.

"फोन म्हातारा झालाय तुझा," संध्याकाळी भाची म्हणाली. "नवा घे आता."

"फोन तोच आहे बाई. नाकापेक्षा मोती जड झालाय तुझा!"

"अगं, याच पानामुळे नोकरी लागली मला!"

आत्या कंबर दाबत उठली. फोन खणात गेला. दोष माझा, आळ त्याच्यावर. आणि जिने मला पिसासारखे घडवले, तिनेच केसाने माझा गळा कापला.

मित्रांनो, तुम्ही कधी पाने घडवाल, तेव्हा ती कोणाच्या हातात उघडणार आहेत ते आधी पाहा. आणि फोन मोडीत काढण्यापूर्वी आम्हाला एकदा तोलून बघा.

काल आत्याच्या नव्या फोनवर मी उघडले. माझे वजन बेचाळीस लाख बाइट भरले. त्यातला नंबर मात्र दोनच बाइटचा होता.