माहेरचं नाव

सर्जेराव हवालदारांना पलटणीतल्या झाडून साऱ्या गड्यांची नावं तोंडपाठ होती. बायकोचं एक नाव मात्र त्यांना ठाऊक नव्हतं, आणि हे त्यांच्या ध्यानात आलं बारामतीच्या कचेरीसमोर, चारचौघांत.

बायको त्यांची गोव्याकडची. बेळगावला पलटणीत असताना एका सोबत्यानं नात्यातली मुलगी सुचवली आणि कोऱ्हाळ्याच्या उसात थेट पेडण्याची सून आली. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, लीला. ते सर्जेरावांच्या आईनं निवडलं होतं. आधीचं काय होतं, ते कुणी विचारलं नाही. सुनेचं जुनं नाव विचारायची आपल्याकडे रीतच नाही, आणि नवऱ्यानं तर नवंही तोंडातून काढायचं नाही.

पंचावन्न साली गोव्याची हद्द बंद झाली. लीलाबाईची आई पलीकडे, म्हातारी, एकटी. तिला भेटायला परवाना हवा होता. तो मागायला गेले तर कचेरीतले साहेब म्हणाले, "बाई पोर्तुगिजांच्या मुलखात जन्मलेल्या. आधी त्यांना इथलं नागरिक करून घ्या. तशाच गेल्या तर परत येणं अवघड होईल."

वीस वर्षं इथली चूल फुंकलेल्या बाईला आता इथली करून घ्यायची! लीलाबाई हसलीच. म्हणाली, "करा बाई एकदाचा अर्ज. आय वाट बघतीया."

कचेरीच्या आवारात इंदापूरचे दत्तोबा अर्ज लिहून देत. त्यांनी सर्जेरावांना एकेक विचारत अर्ज भरायला घेतला.

"बाईंचं लग्नाआधीचं नाव?"

सर्जेरावांनी तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. मागं सुप्याची, पिंपळीची माणसं आपापले कागद घेऊन उभी होती. त्यातला एक खिदळला, "काय हवालदार, बायकूचं नाव इसरला व्हय?"

"इसरतोय कशाला? लीलाच. म्हायेरचं बी त्येच."

दत्तोबांनी लिहिलं आणि सर्जेराव तरातरा बाहेर पडले.

घरी जाऊन विचारायला कितीसा वेळ लागला असता? पण संसार अर्धा झाल्यावर हे विचारायचं कसं? 'इतकी वरसं हे बी ठावं न्हाय तुमास्नी?' असं ती म्हणाली तर? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत त्यांनी ती रात्र काढली, आणि मग रोजच काढत गेले.

मध्यंतरी लीलाबाईच्या मामानं तिकडून परवाना काढून तिच्या जन्माचा दाखला आणून दिला. अक्षरं सगळी पोर्तुगीज. सर्जेरावांनी तो जसाच्या तसा कचेरीत नेऊन दिला. कागद पुण्याला गेले आणि तिथंच बसले.

लीलाबाई विचारायची, "काय कळलं का?"

"सरकारी काम अन् सहा महिनं थांब," असं ते हसून सांगत. पण चोराच्या मनात चांदणं. ती विचारायला लागली की हवालदारांना मळ्यात काहीतरी काम आठवे. तशात निरोप आला की आईनं अंथरूण धरलंय. त्या दिवसापासून लीलाबाईनं विचारणं सोडलं, आणि ते तर त्यांना जास्तच जाचायला लागलं. रांडेच्या लाजेनं जीभ धरलीय माझी, असं ते बैलांना पाणी पाजताना स्वतःशीच म्हणायचे.

अखेर दोघांनाही कचेरीत बोलावणं आलं.

"अर्जातली बाई लीला, जन्माच्या दाखल्यातली दुसरीच," साहेब म्हणाले. "बाई, तुमचं लग्नाआधीचं नाव काय?"

"शेवंती," लीलाबाई चटकन बोलली.

"मग यांनी लीला का लिहून दिलं? एवढ्यावरूनच कागद अडले ना."

लीलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. हवालदारांची मान खाली होती. तिनं पदर सावरला.

"म्याच तसं सांगितलं हुतं, सायेब. चूक माजी हाय."

तिनं तिथंच दोन शिव्या हासडल्या असत्या, तरी सर्जेरावांना बरं वाटलं असतं. खरं बोलायला ही शेवटची संधी होती. ते बोलले नाहीत.

त्यानंतर मात्र काम झपाट्यानं झालं. लीलाबाईनं शपथ घेतली, अंगठा उठवला आणि या देशाची झाली. परवाना आठवड्यात मिळेल, असं साहेबांनी सांगितलं. पण परवान्याआधी मामाच आला. अंगणात येऊन त्यानं डोक्यावरची टोपी काढली. लीलाबाई हातातली परात घेऊन तशीच खाली बसली.

मामा परत गेल्यावर सर्जेराव तिच्याजवळ जाऊन टेकले. "माज्यामुळं तुजी आन् आयची शेवटची गाठ चुकली. मला नाव ठावं न्हवतं, आन् इचारायची लाज वाटली."

"ठावं हाय मला. सायबाम्होरंच कळलं."

सर्जेरावांना रडू फुटलं. इतकं कळूनही तिनं आपल्याला झाकलं होतं. काहीतरी भरून द्यावं म्हणून, लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी तिला नावानं हाक मारली.

"शेवंते..."

लीलाबाईनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"नगा. त्ये नाव आयच्या तोंडचं हुतं. तुमी नगा घिऊ."